गळणे आणि गाळणे

ऑक्टोबर महिना लागला की न्यू इंग्लंडमधल्या मराठी घरांत दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक म्हणजे दिवाळीच्या कार्यक्रमाच्या तालमी आणि दुसरी म्हणजे 'फॉल कलर्स' पाहायला जाण्याचे बेत. भारतातून आईवडील किंवा सासूसासरे आलेले असले, तर न्यू हॅम्पशायरमधल्या कँकमॅगस हायवेवरची एक फेरी ठरलेलीच. दशम्या, बटाट्याची भाजी आणि चहाचा थर्मास घेऊन निघायचे, कोलंबस डेच्या शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगेत अडकायचे, लालभडक मेपलसमोर सगळ्यांना उभे करून फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचे. मग केव्हातरी रात्री जोराचा पाऊस येतो, वारा सुटतो आणि मेपलची पाने खाली येतात. दुसऱ्या दिवशी आपण एकमेकांना फोनवर सांगतो, "या वर्षीचा फॉल संपला बुवा!"

त्यानंतरच्या दिवसांना आपल्याकडे काही नावच नाही. घड्याळे एक तास मागे जातात, साडेचारला दिवेलागण होते, अंगणातला पाचोळा गोळा करून कंबर धरते. रंग गेलेला असतो आणि बर्फ अजून आलेला नसतो. व्हरमाँटमधले लोक या दिवसांना 'स्टिक सीझन' म्हणतात, म्हणजे काटक्यांचा मोसम. पर्यटक नसतात, रस्ते मोकळे असतात आणि जंगलात शिरले तर आपल्याच बुटांखालच्या पाचोळ्याचा आवाज तेवढा सोबतीला असतो.

या लेखात मला या काटक्यांच्या मोसमाची बाजू मांडायची आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून थँक्सगिव्हिंगपर्यंतचे साधारण तीन आठवडे. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. माझी डॉक्टरेट मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधली, उष्णतेच्या वहनावरची आहे आणि पोट सॉफ्टवेअरवर चालते. पण एखादी यंत्रणा काम करताना दिसली की ती आतून कशी चालते हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, हा आम्हा इंजिनिअर लोकांचा जुना रोग. गेली काही वर्षे रविवारी सकाळी घराजवळच्या जंगलात फिरताना आणि नंतर त्याबद्दल वाचताना जे उमगले, ते इथे मांडतो.

पान पडते की पाडले जाते?

मराठीत 'गळणे' आणि 'गाळणे' अशी दोन क्रियापदे आहेत. पान गळते, असे आपण म्हणतो. म्हणजे पान म्हातारे झाले, देठ सैल झाला आणि ते पडले. त्यात झाडाचा काही हात नाही. प्रत्यक्षात घडते ते दुसरे. झाड पान गाळते. एका काना-मात्रेचा फरक, पण सगळा लेख त्या फरकावर उभा आहे.

प्रत्येक पानाच्या देठाच्या बुडाशी, जिथे तो फांदीला चिकटलेला असतो तिथे, पेशींचा एक पातळ थर असतो. उन्हाळाभर पान ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार करून खाली पाठवत असते. ते येत आहे तोवर हा थर स्वस्थ बसतो. दिवस लहान होऊ लागले, रात्री गार पडू लागल्या की पानाकडून येणारे ऑक्झिन कमी होते आणि त्या थराला इथिलीन वायूचा परिणाम जाणवू लागतो. मग पेशींना एकमेकांशी जोडून ठेवणारा जो गोंद असतो तो विरघळवणारी द्रव्ये तिथे तयार होतात. त्याच वेळी फांदीच्या बाजूला बुचासारखा, पाणी न झिरपणारा पडदा तयार होऊ लागतो. शेवटी पान केवळ आतल्या बारीक नळ्यांच्या धाग्यांवर लटकलेले राहते. आपण ज्याला वाऱ्याने पाडले असे म्हणतो, ते पान आधीच सोडून दिलेले असते. वारा फक्त निमित्त.

पण त्याआधी झाड एक फार महत्त्वाचे काम उरकून घेते. पानातले हरितद्रव्य आणि प्रथिने मोडून त्यातला नायट्रोजन, फॉस्फरस वगैरे माल ते फांदीत आणि खोडात परत ओढून घेते. पानातला सुमारे निम्मा किंवा त्याहूनही जास्त नायट्रोजन असा घरी परत येतो. आमच्या धंद्यातल्या लोकांना हा क्रम ओळखीचा वाटेल. जुना सर्व्हर बंद करायचा असेल तर आधी डेटा सुरक्षित जागी हलवायचा, मग कनेक्शन तोडायचे आणि शेवटी उघडा राहिलेला पोर्ट बंद करायचा. क्रम चुकला तर नुकसान आपले. झाड हा क्रम चुकत नाही.

आणि हे सगळे करायला झाड जिवंत असावे लागते. ही गोष्ट मला २०११ साली स्वतःच्या अंगणात पाहायला मिळाली.

त्या वर्षी २९ ऑक्टोबरला, अजून हॅलोवीनही झालेला नसताना, न्यू इंग्लंडवर हिमवादळ आले. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेकडे पेरू नावाच्या गावी ३२ इंच बर्फ पडले. बर्फ तर इथे दर वर्षीच पडते, पण त्या दिवशी ओकच्या झाडांवर पाने अजून जशीच्या तशी होती. प्रत्येक पान म्हणजे ओले, जड बर्फ झेलणारी एक ताटली. रात्रभर बंदुकीच्या बारासारखे आवाज येत होते आणि सकाळी पाहिले तर सगळीकडे फांद्या मोडून पडलेल्या, तारा तुटलेल्या. ईशान्येकडच्या राज्यांत मिळून ३० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. झाडे हिवाळ्यापूर्वी पाने का उतरवून ठेवतात, याचे इतके रोखठोक उत्तर दुसरे कुठले मिळणार?

पण खरी गंमत पुढे दिसली. आमच्या घरामागच्या ओकची एक मोठी फांदी मोडून, सालीच्या पट्ट्यावर लोंबत राहिली होती. नोव्हेंबरमध्ये त्या ओकने आपली पाने हळूहळू सोडली. मोडलेल्या फांदीवरची पाने मात्र तपकिरी होऊन, चुरगळून, तशीच चिकटून राहिली. जानेवारीत होती, मार्चमध्येही होती. तिचा झाडाशी संबंध तुटला होता, त्यामुळे देठाशी तो थर तयार करण्याचे बळ तिच्यात उरले नव्हते. पाने सोडता येणे ही जिवंतपणाची खूण होती आणि पाने धरून राहिलेली फांदी मेलेली होती.

सह्याद्रीतली पानगळ आणि इथली

आपल्या ऋतुचक्रात पानगळ शिशिरातली, म्हणजे माघ-फाल्गुनातली. इथली पानगळ आश्विन-कार्तिकातली. म्हणजे आपल्या मनातल्या कॅलेंडरपेक्षा ती तीन-चार महिने आधी येते. कारण वरवर पाहता वेगळे दिसते. इथे थंडी आणि तिकडे उन्हाचा ताव. पण मुळाशी दोन्हीकडे पाणी हेच कारण आहे. पान म्हणजे पाणी हवेत सोडणारे यंत्र. सह्याद्रीच्या उतारावर पावसाळा संपून तीन-चार महिने झाले की जमिनीतला ओलावा आटतो आणि सागाला ही यंत्रे परवडत नाहीत. इथे जमिनीत पाणी भरपूर असते, पण ते गोठते. मुळांना ते ओढता येत नाही. शिवाय रुंद, पातळ पानातले पाणी गोठून पेशी फुटतात त्या वेगळ्याच. सागाने कोरड्या दुष्काळाची तयारी करायची आणि मेपलने गोठलेल्या दुष्काळाची.

फरक आहे तो नंतरच्या दिवसांत. आपल्याकडे पळस, पांगारा, काटेसावर ही झाडे पाने उतरवून झाल्यावर निष्पर्ण फांद्यांवर फुलतात, त्यामुळे आपल्याला उघडी फांदी म्हणजे फुलांची नांदी असे वाटायची सवय असते. इथे उघड्या फांदीपुढे पाच महिन्यांचा हिवाळा उभा असतो. नोव्हेंबर पाहून आपल्या माणसाला उदास वाटते ते मला वाटते यामुळेच. पण इथेही उघड्या फांदीवर काहीतरी असते. त्याकडे पुढे येतो.

रंगाचा हिशेब

पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच. तो कॅरोटिनॉइड या द्रव्यांचा. हिरवा रंग मोडला की खालचा पिवळा उघडा पडतो, भिंतीवरचा नवा रंग खरवडल्यावर जुना दिसावा तसा. लाल रंगाचे तसे नाही. लाल आणि जांभळा रंग अँथोसायनिनचा आणि मेपल, ओक वगैरे झाडे तो शरदात नव्याने तयार करतात, पानातली साखर खर्च करून. चार दिवसांनी जे टाकून द्यायचे त्याच्या रंगकामावर कोण खर्च करील? शास्त्रज्ञांनाही हा प्रश्न पडलेला आहे. एक मत असे की माल परत ओढण्याचे काम चालू असताना पानाला कडक उन्हापासून जपायला हा लाल पडदा लागतो. म्हणजे घर आवरताना खिडकीला लावलेला पडदा. दुसरे मत डब्ल्यू. डी. हॅमिल्टन आणि सॅम्युएल ब्राउन यांनी २००१ साली मांडले. ते असे की झगझगीत रंग हा माव्यासारख्या किडींना दिलेला इशारा असावा: हे झाड दणकट आहे, इथे अंडी घालू नका. वाद अजून मिटलेला नाही.

हेन्री डेव्हिड थोरो याने या रंगांवर एक मोठा निबंध लिहिला. तो 'अटलांटिक मंथली' मासिकात ऑक्टोबर १८६२ मध्ये छापून आला. थोरो त्याच वर्षी मे महिन्यात वारला होता. बॉस्टनजवळच्या काँकॉर्ड गावचा हा माणूस, भगवद्‌गीता वाचलेला आणि 'वॉल्डन' या पुस्तकात तिचा आदराने उल्लेख करणारा. त्या निबंधात तो झाडे रंगण्याच्या क्रमाने जातो. आधी गवत, मग रेड मेपल, एल्म, मध्ये गळलेली पाने, मग शुगर मेपल आणि सगळ्यात शेवटी स्कार्लेट ओक. आजचे प्रवासी शुगर मेपलपाशी थांबतात. थोरो शेवटच्या पाहुण्यापर्यंत थांबला. त्याचे म्हणणे असे की डोळ्यासमोर असलेले सगळे आपल्याला दिसत नसते. जे पाहायला मन तयार असते तेवढेच दिसते.

उशिरा येणारी मंडळी

तर मेपल संपल्यावर काय पाहायचे? माझी यादी पाच नगांची आहे.

पहिला ओक. मेपलचा लाल ओरडून बोलावतो. ओकचा लाल जुन्या पैठणीसारखा, खोल. स्कार्लेट ओकच्या पानातून नोव्हेंबरचे ऊन आरपार येताना पाहावे. नंतर रंग उतरून पान तपकिरी होते. तो तपकिरी टॅनिनचा, म्हणजे चहाला तुरटपणा आणणाऱ्या द्रव्यांच्या कुळातला.

दुसरा टॅमरॅक, म्हणजे इथला लार्च. हे सूचिपर्णी झाड, दिसायला पाइनच्या भाऊबंदांतले, पण इथल्या मूळच्या सूचिपर्णी झाडांत हा एकटाच असा की शरदात आपल्या सगळ्या सुया सोनेरी करून गाळून टाकतो. उत्तरेकडे दलदलीच्या कडेने हे उभे असतात. ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला आठ-दहा दिवस ते असे पेटलेले दिसतात की झाड वाळले की काय अशी नवख्याला शंका यावी.

तिसरा गिंको. हा मूळचा चीनचा, पण इथल्या शहरांत रस्त्याच्या कडेला पुष्कळ लावलेला. याची पंख्यासारखी पिवळी पाने कडक दहिवराच्या एका रात्रीनंतर बहुधा एका दिवसात, कधी काही तासांत सगळी खाली येतात. कारण सगळ्या देठांशी तो थर साधारण एकाच वेळी तयार झालेला असतो. सकाळी वारा नसतानाही पाने सरसर पडत असतात. ऑफिसला जाताना गिंकोखाली पिवळा गालिचा दिसला तर दोन मिनिटे थांबावे. परतताना वर एकही पान उरलेले नसते.

चौथी विच हेझल. सगळे जंगल आवराआवर करत असताना हे झुडूप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलते. पिवळ्या शेवयांचे तुकडे फांदीवर चिकटवावेत तशा चुरगळलेल्या चार पाकळ्या. एवढ्या थंडीत परागीभवन करायला येणार कोण? व्हरमाँट विद्यापीठातले बर्न्ड हाइनरिख यांनी १९८० च्या दशकात अभ्यास करून दाखवले की काही निशाचर पतंग अंग थरथरवून स्वतःला ऊब आणतात आणि अशा थंड रात्रीही उडून फुलांवर येतात. पराग पडल्यावर फलधारणा मात्र पुढच्या वसंतापर्यंत थांबते आणि बी पिकते ते पुढच्या शरदात. त्यामुळे या वर्षीची फुले आणि गेल्या वर्षीच्या फुलांच्या बोंड्या एकाच फांदीवर शेजारी शेजारी दिसतात. बोंड वाळले की फटकन फुटते आणि बी तीस फुटांपर्यंत उडते. शांत जंगलात पाचोळ्यावर काहीतरी टपकल्याचा आवाज येतो, तो हाच.

पाचवा बीच. समुद्राचा नव्हे, झाडाचा. हत्तीच्या कातड्यासारखी राखाडी, गुळगुळीत साल. कोवळ्या बीचची पाने कागदासारखी फिकट होतात आणि बरीचशी हिवाळाभर फांदीवर राहतात. मघाशी म्हटले की पाने धरून ठेवलेली फांदी मेलेली असते आणि इथे जिवंत झाड पाने धरून आहे, हे कसे? याच्या देठाशी तो थर अर्धवट तयार होऊन थांबतो आणि काम वसंतात पुरे होते. असे का, याविषयी दोन-तीन तर्क आहेत. वाळक्या पानांमुळे हरणांना आतल्या कोवळ्या कळ्या खायला नकोशा होत असाव्यात, किंवा पाने वसंतात पडली तर खत ऐन गरजेच्या वेळी मुळाशी मिळत असावे. काहीही असो, तेही झाडाचेच वेळापत्रक आहे. गाळणे थोडे पुढे ढकललेले, एवढेच.

तिरप्या उन्हाचे दिवस

आता माझ्या जुन्या विषयाकडे येतो. बॉस्टन ४२ अंश अक्षांशावर आहे. जूनच्या २१ तारखेला दुपारी सूर्य क्षितिजापासून ७१ अंशांवर असतो. नोव्हेंबरच्या मध्याला तो फक्त २९ अंशांपर्यंत चढतो. सहा फूट उंच माणसाची भर दुपारची सावली जूनमध्ये दोन फूट पडते, तर नोव्हेंबरमध्ये जवळजवळ अकरा फूट. शिवाय बॉस्टन आपल्या टाइम झोनच्या पूर्व टोकाला असल्यामुळे त्या दिवसांत इथली खरी दुपार घड्याळात साडेअकरालाच होते. सूर्य सकाळी साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि ४ वाजून २० मिनिटांच्या आसपास मावळतो. म्हणजे दिवस पावणेदहा तासांचा. पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो. आकाशकंदील लावायला तिथे सहा वाजण्याची वाट पाहावी लागते. इथे मुले शाळेतून आली की लावावा.

पण या तिरप्या उन्हाचा एक फायदा आहे. फोटो काढणारे लोक ज्या प्रकाशासाठी पहाटे उठतात किंवा संध्याकाळपर्यंत थांबतात, तसा प्रकाश या दिवसांत जवळजवळ दिवसभर असतो. वर पानांचे छत नसल्यामुळे तो जंगलाच्या तळापर्यंत पोचतो. उन्हाळ्यात जिथे हिरवी भिंत होती तिथे आता जमिनीचे चढउतार, जुन्या शेतांचे दगडी बांध, पलीकडचे तळे, वरच्या दुबेळक्यातले घरटे, सगळे दिसू लागते. घराचे प्लास्टर काढल्यावर तुळया आणि खांब दिसावेत तसे.

दहिवराचेही असेच. हवामानखात्याने रात्रीचे तापमान ३६ फॅरनहाइट सांगितले, म्हणजे गोठणबिंदूच्या वर, तरी सकाळी गवत पांढरे असते. हे कसे? तापमान मोजतात ते जमिनीपासून पाच-सहा फुटांवरच्या हवेचे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवताचे पाते आपली उष्णता थेट वरच्या आकाशाकडे सोडत राहते आणि भोवतीच्या हवेहून कितीतरी थंड होते. झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीची काच कोरडी आणि उघड्यावरच्या गाडीची काच बर्फाने माखलेली, हा अनुभव सगळ्यांनाच आहे. कारण तेच. झाडाखालच्या काचेवर डोक्यावरच्या फांद्यांचे पांघरूण असते.

सकाळी ऊन आले की दहिवर वितळते, पण घराच्या सावलीत ते टिकते. आठ-साडेआठला खिडकीतून पाहिले तर हिरवळीवर घराची पांढरी आकृती उमटलेली दिसते, छपराच्या उतारासकट, धुराड्यासकट. सूर्य सरकतो तशी तिची कड विरघळत जाते. नवाला काहीही नसते. शरद फुकट जातो म्हणून हळहळणाऱ्याने एकदा ही अर्ध्या तासाची चित्रकला पाहावी.

उघड्या फांदीवर काय असते?

आता मघाशी राहिलेली गोष्ट. पान जिथून सुटले तिथे फांदीवर एक छोटा व्रण दिसतो. त्याच्या लगेच वर एक कळी असते. उसाच्या कांडीला डोळा असतो ना, तसा. पुष्कळांना वाटते की कळ्या वसंतात येतात. वसंतात त्या फक्त उघडतात. तयार झालेल्या असतात आधीच्या उन्हाळ्यात, पान अजून हिरवे असताना. नोव्हेंबरमध्ये पान गेले की त्या आपल्याला दिसतात एवढेच. बीचच्या कळ्या सिगारसारख्या लांब आणि टोकदार, ओकच्या फांदीच्या टोकाला घोळक्याने बसलेल्या, रेड मेपलच्या गोल आणि लालसर. पाने नसलेले झाड या कळ्यांवरून ओळखायला शिकणे हा हिवाळ्यातला उत्तम खेळ आहे आणि मुले तो आपल्यापेक्षा लवकर शिकतात.

इथवर विज्ञान झाले. आता थोडे घरचे.

माझे वडील कोल्हापूरला असतात. वय ७९. माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. आई गेल्यापासून एकटेच राहतात. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर त्यांनी घरातली पुस्तके वाटायला काढली. गणिताची शाळेला, कादंबऱ्या गल्लीतल्या वाचनालयाला, संस्कृतची एका जुन्या विद्यार्थ्याला. रोज थोडी थोडी. कुणाला काय दिले ते वहीत लिहून ठेवत होते. स्वतःजवळ ज्ञानेश्वरी ठेवली आणि आईच्या हस्ताक्षरातली पाककृतींची वही. फोनवर माझी बहीण म्हणाली, "बाबा, एवढी घाई कशाला?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "अगं, कुठलं पुस्तक कुणाला द्यायचं हे मला ठाऊक आहे. मी नसल्यावर तुम्ही दोघं आठ दिवसांची रजा काढून याल आणि रद्दीवाल्याला बोलवाल. तुमचा दोष नाही त्यात. तुम्हाला वेळच नसणार."

आम्ही दोघेही काही बोललो नाही. कारण ते खरे होते.

उपमा फार ताणू नये हे मला कळते. झाडाला एप्रिलमध्ये पुन्हा पालवी फुटते, माणसाच्या बाबतीत तसे नसते आणि कोल्हापूरच्या त्या रिकाम्या फळ्या पुन्हा भरणार नाहीत. पण आधी जे जपायचे ते आत घ्यावे आणि मग बाकीचे स्वतःच्या हाताने, आपल्या वेळेला सोडावे, हा क्रम मला ओळखीचा वाटला. गळणे आणि गाळणे यांतला फरक मी जंगलात पाहिला नसता, तर बाबांच्या त्या वहीकडे मी केवळ एका म्हाताऱ्या माणसाची निरवानिरव म्हणून पाहिले असते.

आपल्या मंडळातही आता हे घडते आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत आलेली पहिली पिढी मोठी घरे विकून लहान घरांत जाते आहे. तळघरांत मराठी पुस्तकांची, दिवाळी अंकांची, नाटकांच्या ध्वनिफितींची खोकी आहेत. मुलांना त्यांतले फारसे वाचता येत नाही, हेही आपण जाणतो. कुठली गोष्ट कुणाच्या हाती द्यायची हे ठरवणारा माणूस आहे तोवरच ते नीट ठरते. आणि देऊन झाल्यावर जी फांदी उघडी दिसते तिच्यावर कळ्या आहेत का, हेही तेव्हाच पाहता येते. मंडळाच्या शाळेत रविवारी 'क, ख, ग' गिरवणारी मुले मला त्या कळ्यांसारखी वाटतात. सगळ्याच उघडतील असे नाही. पण आहेत.

दर वर्षी येईलच असे नाही

या तीन आठवड्यांविषयी आस्थेने लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. ते गृहीत धरता येत नाहीत. मॅसॅच्युसेट्समधल्या पीटरशॅम गावी हार्वर्ड विद्यापीठाचे संशोधन-जंगल आहे. तिथे जॉन ओ'कीफ यांनी १९९० पासून ठरावीक झाडांकडे जाऊन कळ्या कधी उमलल्या, रंग कधी आला, पाने कधी पडली यांच्या नोंदी ठेवल्या. पायी फिरून, डोळ्यांनी पाहून. अशा नोंदींमुळेच कळते की हवामान तापत चालले तसे ऋतूंचे वेळापत्रकही हलते आहे आणि समशीतोष्ण प्रदेशांत पुष्कळ ठिकाणी शरदाचा रंग पूर्वीपेक्षा उशिरा येतो.

बीचची स्थिती अधिक काळजीची आहे. २०१२ साली ओहायोमध्ये त्याच्यावर एक नवा रोग प्रथम आढळला. तो २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्सपर्यंत पोचला. कारण एक सूक्ष्म सूत्रकृमी आणि तो हिवाळ्यात राहतो कुठे, तर ज्या टोकदार कळ्यांचे मी वर कौतुक केले त्यांच्याच आत. वसंतात पान उघडते ते काळपट पट्टे घेऊन. कोवळी झाडे काही वर्षांत मरतात. नोव्हेंबरच्या उन्हात कागदासारखी उजळणारी ती फिकट पाने आमच्या नातवंडांना पाहायला मिळतील का, हे आज सांगता येत नाही. जे क्षणभंगुर असते ते दर वर्षी परत येते म्हणून आपण निश्चिंत असतो. काही गोष्टींच्या बाबतीत तेवढी खात्री आता उरलेली नाही.

तेव्हा मंडळी, दिवाळीचा कार्यक्रम पार पडला, नाटकाचा सेट आवरला, की त्यानंतरच्या रविवारी घराबाहेर पडा. लांब जायची गरज नाही. बॉस्टनच्या आसपास असाल तर अर्नॉल्ड आर्बोरेटम आहे. १८७२ साली स्थापन झालेले हे वृक्षोद्यान सर्वांना विनामूल्य खुले असते आणि लार्च, ओक, बीच, विच हेझल सगळे एकाच ठिकाणी भेटतात, तेही नावाच्या पाट्यांसकट. नाहीतर गावातले कुठलेही राखीव जंगल चालेल. शिकारीचा मोसम असतो, म्हणून अंगात भगवे किंवा भडक नारिंगी जाकीट घाला. सकाळी लवकर निघा आणि तीनच्या आत परत फिरा, कारण नंतर अंधार भराभर येतो. मुलांना एकच काम सांगा: प्रत्येकाने पान पडल्याचा एक व्रण आणि त्याच्या वरची कळी शोधून दाखवायची.

थर्मासमध्ये आल्याचा चहा घ्यायला विसरू नका. थँक्सगिव्हिंगनंतर बर्फ केव्हाही येईल आणि मग हे सगळे त्याच्याखाली जाईल.